कलत्या बोटीतली बैठक

नवरा कंपनीतून निवृत्त झाला त्याच आठवड्यात एकदा जेवताना म्हणाला, की त्याला शिडाची बोट घ्यायची आहे. नवी नाही, कुणीतरी वापरलेली. आत झोपता येईल, चहा-भात करता येईल अशी. पावसाळा संपला की ती काढायची आणि आपण दोघांनी किनाऱ्याकिनाऱ्याने, बंदरं करत, सावकाश गोव्यापर्यंत जायचं. मी भात वाढत होते. मला वाटलं, माणूस गंमत करतोय.

मग तो म्हणाला, "तू नाय आलीस तर मी नाय घेणार. एकट्याला नको मला."

हे वाक्य मी ज्या बाईला सांगते तिला ते फार गोड वाटतं. मला राग आला. आयुष्यभर शिफ्ट केलेला माणूस पहिल्यांदा काहीतरी मागतो आणि ते घडायचं की नाही हे माझ्या पोटावर ठेवतो! माझं पोट कसं आहे ते त्याला माहीत होतं. लेक पुण्याला असते. तिच्याकडे जाताना कोलाड सोडून घाट लागला की माझी प्लॅस्टिकची पिशवी बाहेर येते. चाकांच्या गाडीत ही तऱ्हा, तर पाण्यात काय होणार? बोट नाही झाली तर खापर माझ्या डोक्यावर फुटणार, आणि हा कधी एका शब्दाने तसं म्हणणारही नाही. ते जास्त वाईट.

त्याचं खूळ आजचं नव्हतं. त्याच्या वडिलांचा मचवा होता. रोह्याशेजारच्या अष्टमी गावाच्या खाली, खाडीकाठच्या गावातून ते शिडावर कौलं आणि रेती वाहायचे, आणि हा लहानपणी सुट्टीभर त्या कौलांवर बसून फिरायचा. पुढे ट्रक आले, मचवा चिखलात बसला तो बसलाच. नवरा कंपनीत फिटर झाला. पण सुट्टीच्या दिवशी हा अलिबागच्या बाजूला एका गृहस्थांच्या बोटीवर शिडं ओढायला जायचा. ते नौदलातून निवृत्त झालेले, जुन्या बोटींचे व्यवहार जुळवून देणारे. मी त्यांना मनातल्या मनात दलाल म्हणते, पण माणूस चांगला आहे.

आता माझ्याबद्दल. मी पेणला गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करते. सकाळच्या गाडीने रोह्याहून जाते, संध्याकाळच्या गाडीने येते. बाकीचं रंगकाम हल्ली पुष्कळसं फवाऱ्याने होतं, डोळे मात्र हातानेच. माझी एक पद्धत आहे, मला शिकवणाऱ्या बाईंनी घालून दिलेली. ब्रश उचलायच्या आधी मूर्तीसमोर खाली बसायचं, घरी पूजेला माणूस बसेल तितक्या अंतरावर, आणि नुसतं बघायचं. नजर कुठे बसणार हे कळलं की मग आखायला घ्यायचं. आखताना श्वास धरावा लागतो, म्हणून बोलायचं नाही. कुणी हाक मारली तरी ओ द्यायची नाही. हे कारखान्यात सगळ्यांना ठाऊक असतं. नवराही कधी मला घ्यायला आला, की दारात उभा राहून एकदाच हाक मारतो. मी गप्प असले की तो काय ते समजून बाहेर बाकावर जाऊन बसतो.

तर मी ठरवलं, बोटसुद्धा अशीच बघायची. आत बसायचं आणि नजर बसते का ते बघायचं. खरं सांगायचं तर रागाच्या खाली मला उत्सुकताही वाटायला लागली होती. पाण्यावरचं घर असतं तरी कसं? भांडी घासलेलं पाणी जातं कुठे? उंच डोलकाठी बोटीच्या पोटातून जाते की नुसती छतावर उभी असते?

पहिली बोट मांडव्याच्या बाजूला होती. लांब, निमुळती, पांढरी. नवऱ्याने तिच्या अंगावरून तळवा फिरवला आणि त्याचा चेहरा असा उजळला, की मला आमचं लग्न आठवलं. मी आत उतरले. आत उभं राहायचा प्रश्नच नव्हता, सगळीकडे वाकूनच. दोन बाजूंना दोन अरुंद फळ्या, मध्ये शिडांच्या पिशव्या, एका बर्नरची शेगडी.

"संडास कुठे?" मी विचारलं.

दलालांनी एक फळी उचलली. तिच्या खाली होता. म्हणजे रात्री ज्याला लागेल त्याने दुसऱ्याला उठवायचं.

"ही बोट नाय, सायकल हाय," मी म्हणाले. नवरा मोठ्याने हसला, पण त्याचा हात बोटीवरच होता.

परतताना मी दलालांना नुसती भंडावून सोडलं. खाली तळाला ते जड लोखंडी पातं कशाला? त्यांनी सांगितलं, ते वजन खाली असतं म्हणून वारा शिडाला लोटतो तेव्हा बोट कलते पण पालथी होत नाही. हे मला लगेच पटलं, आम्हीही मोठ्या मूर्तीच्या बैठकीतच वजन ठेवतो. मग लांब आणि हलकी बोट पळते का? पळते. मग आत जागा का नाही? "वहिनी, तेच तर सगळं गणित आहे," ते म्हणाले. "पळणारी हवी तर सामान कमी, अंग बारीक. आराम हवा तर अंग भरतं आणि पळणं जातं. मधली शोधायची असते. आणि मधली कुणालाही पहिल्या नजरेत आवडत नाही."

मी मान डोलावली आणि ते विसरून गेले. त्यांनी एका निळ्या पट्ट्याच्या मळकट बोटीचा फोटोही दाखवला, तो मी अंधारी वाटते म्हणून बाजूला सारला.

दुसरी बोट वडखळच्या पुढे खाडीत होती, मुंबईच्या एका कुटुंबाची. तिच्यात उतरले आणि मी "अगो बाई!" म्हणून ओरडलेच. सरळ उभं राहता येत होतं. हात पसरून गिरकी घेतली तरी कुठे लागत नव्हतं. खिडक्यांना पडदे, स्वयंपाकाला ओटा, दाराचा संडास, आणि मागच्या खोलीत आमच्या घरी नाही असा रुंद पलंग. मी प्रत्येक झाकण उघडलं. ओट्याखाली डाळ-तांदळाची जागा पाहिली, देव कुठे ठेवायचे तो कोपरा नक्की केला. मग मधल्या गुबगुबीत बैठकीवर मांडी घालून बसले आणि समोर बघत राहिले. खाडी संथ होती. खिडकीतून तिवरं दिसत होती. पाच मिनिटांत माझी नजर बसली.

"हीच," मी म्हणाले.

नवरा बाहेर शिडं चाचपत होता. "अंगानं जड हाय," तो हळूच म्हणाला. "तुला आवडली ना पण?"

"आवडली."

"मंग झालं." आणि त्याचा आवाज इतका हलका झाला, की त्या क्षणी मी त्याच्यासाठी त्याहून वाईट बोटसुद्धा घेतली असती.

दलाल मात्र अडून बसले. पाण्यात नेल्याशिवाय ते कुणाला बोट देत नाहीत. पुढच्या रविवारी आम्ही ती खाडीतून बाहेर काढली. वारा दुपारचा, समुद्रावरून येणारा. शिडं चढली, इंजिन बंद झालं, आणि काही वेळ मला वाटलं, काय हे सुख! मग आम्ही मोकळ्या पाण्यात आलो.

पुढचं सगळं मला नीट आठवत नाही, आणि जे आठवतं ते सांगण्यासारखं नाही. वाऱ्याकडे तोंड करून जायला ती बोट तयारच नव्हती. लाटेवर चढायची, धप्पकन बसायची, पुन्हा तिथेच. नवरा आणि दलाल दोऱ्या ओढून दमले. मी चहा करावा म्हणून खाली गेले आणि बोट कलली. ज्या मोकळ्या जागेत मी गिरकी घेतली होती, त्याच जागेतून मी या भिंतीवरून त्या भिंतीवर गेले. मध्ये धरायला काही नव्हतं. ओट्याचा कोपरा कमरेत बसला. पलंगावर आडवी झाले तर पलंग एवढा रुंद, की मी त्याच्यावर लाटण्यासारखी इकडून तिकडे फिरत होते. शेवटी जमिनीवर बसले आणि बादली मांडीत घेतली.

वरून नवऱ्याची हाक आली, "काय गो, बरी हायस ना?" मला ओ देता येईना. त्याने चार वेळा हाक मारली आणि मग धडपडत खाली आला. मला बघून त्याचा चेहरा असा झाला, की बादलीपेक्षा मला त्याचंच जास्त वाईट वाटलं.

घरी आल्यावर माझ्या कमरेला तेल चोळत तो म्हणाला, "जाऊ दे गो. नाय घेत."

हातमोजे, दोर कापायचा चाकू, जुन्या शिडाची पिशवी, सगळं त्याने माळ्यावर टाकलं. दुसऱ्या दिवसापासून तो शहाण्यासारखा वागायला लागला. बाजारातून मासळी आणायचा, नारळ खवून द्यायचा, संध्याकाळी पुलावर जाऊन कुंडलिका नदीकडे बघत उभा राहायचा आणि वेळेवर परत यायचा. रुसला असता तर मला भांडता तरी आलं असतं. त्याच्या त्या चांगुलपणाने मला घरात बसवेना.

पौष लागला. माघी गणपतीची कामं आली आणि मी कारखान्यात अडकले. त्या वर्षी मालकाने नवी शेड बांधली होती. आखणीसाठी मला तिथे खास जागा दिली. मोठं टेबल, फिरती खुर्ची, डोक्यावर ट्यूबलाइट, आजूबाजूला ऐसपैस मोकळं. त्याने कौतुकाने दिलं होतं, म्हणून दोन दिवस मी तिथे बसले. दोन्ही दिवस माझी रेघ बिघडली. वरच्या पापणीची रेघ एका दमात यावी लागते. ती मध्येच तुटायची. मला वाटलं, हात गेला. वय झालं. मी घाबरले, आणि कुणाला काही न सांगता माझ्या जुन्या कोपऱ्यात जाऊन बसले.

तो कोपरा म्हणजे भिंत आणि पोत्यांची थप्पी यांच्यामधली फट. पाठ भिंतीला, डावा खांदा पोत्यांना, एक पाय समोरच्या फळीला रेटलेला, कोपर गुडघ्यावर. रेघ पहिल्याच दमात आली. दुसरी आली. तिसरी आली.

शेजारी मुकुट रंगवणारी मैत्रीण म्हणाली, "एवढी चांगली जागा सोडून हितं काय गो अडकून बसलीस?"

"अडकून बसल्याबिगर माझा हात ठरत नाय," मी म्हणाले.

ब्रश हातात तसाच राहिला. मी त्या खाडीतल्या बोटीत बसले होते ती गणपतीसमोर बसल्यासारखी. देव जागचा हलत नाही, म्हणून त्याच्यासमोर बसून नजर बसते की नाही ते कळतं. बोट मी बांधून ठेवलेली असताना पाहिली होती, आणि संथ पाण्यात जे काही मोकळं, रुंद, गुबगुबीत होतं त्यालाच आराम समजले होते. इतकी वर्षं रोज अडकून बसणारी बाई मी, आणि मला हे कळू नये! मला माझाच इतका राग आला, की हसू यायला लागलं.

संध्याकाळी परतीच्या गाडीत मी वेड्यासारखे प्रयोग केले. आधी रिकाम्या बाकाच्या मधोमध बसले, मग खिडकीच्या कोपऱ्यात खांदा टेकवून, मग समोरच्या बाकाला पाय लावून. डब्यात फारसं कुणी नव्हतं हे बरं. गाडी वळणावर हलायची तेव्हा पोटात कुठे काय होतं ते बघत होते. कोपऱ्यात, पाय लावून, जवळजवळ काहीच होत नव्हतं. रोहा कधी आलं ते कळलं नाही.

घरी गेल्या गेल्या मी विचारलं, "ती तिसरी बोट कुठं हाय?"

"कुठली?"

"फोटोत दाखवलेली. मळकट, निळ्या पट्ट्याची."

"ती? तुला अंधारी वाटली ती."

"फोटोत मला काय कळतंय ओ! दलालांना फोन करा."

त्याने लगेच केला नाही. "माझ्यासाठी नको गो," तो म्हणाला. मी म्हटलं, "मला बघायचीय. तुमी या नायतर राहा घरी." मग केला.

ती बोट रेवदंड्याला होती, म्हणजे आमच्याच कुंडलिकेच्या मुखाशी. तिन्हींत जुनी. अंगाने ना बारीक ना भरलेली. रंग उडालेला. आत उतरले तर नवऱ्याला मान किंचित वाकवावी लागत होती, मला नाही. मध्ये चालायला एका माणसाची वाट. आणि जिथे हात जाईल तिथे लाकडी दांडी, छताला, पायऱ्यांना, ओट्याच्या कडेला. स्वयंपाकाचा कोपरा आमच्या मोरीएवढा, त्यात शेगडी दोन खिळ्यांवर झुलणारी, बोट कलली तरी भांडं सरळ राहावं म्हणून, आणि करणाऱ्याच्या कमरेमागे बांधायला पट्टा. झोपायच्या जागा खोल आणि अरुंद, कडेला कॅनव्हासचं कापड वर ओढून बांधायची सोय. संडासाला दार होतं. मी बाहेरून, आतून बोटांच्या पेरांनी सगळं अंग वाजवून पाहिलं, मूर्ती सुकली की नाही हे आम्ही बघतो तसं. सुकाणूजवळ एका ठिकाणी आवाज बद्द आला. दलाल म्हणाले, "बरोबर, तिथे ओल शिरलीय, दुरुस्ती लागेल." ते लपवलं नाही म्हणून मला ते आवडले.

या खेपेला मी पडद्यांवर वेळ घालवला नाही. मी विचारलं, "ही कलली की मी बसायचं कुठे?"

दलाल म्हणाले, "वहिनी, ते बसूनच बघा."

दुपारी वारा चढल्यावर निघालो. सकाळपासून मी कोरडी भाकरी आणि आलेपाक एवढंच खाल्लं होतं. नवरा सुकाणूवर होता, पण शिडांकडे कमी आणि माझ्याकडे जास्त बघत होता. मुखाबाहेर पडलो, वारा शिडात भरला आणि बोट कलली. कलली आणि तिथेच ठरली. डुचमळली नाही. लाट आली की तिच्यात शिरून पलीकडे निघत होती. वाऱ्याकडे तोंड करून, जिथे ती दुसरी बोट अडून बसली होती, तिथे ही पाणी कापत चालली होती. मला त्यातलं काही कळत नाही, पण नवऱ्याची बोटं सुकाणूवर सैल झालेली मी पाहिली. बोट आपोआप जात असेल तरच माणूस असा धरतो.

"खाली नका जाऊ, खाली बोट जास्त लागते," दलाल म्हणाले. मी गेले. दांडीवरून दांडीवर हात टाकत गेले, एकदाही आपटले नाही. कललेल्या बाजूच्या खोल फळीवर बसले, अंग आपोआप कोपऱ्यात सरकलं. पाठ टेकली. पाय समोरच्या लाकडाला पुरले. डाव्या खांद्याला बोटीचं अंग, त्याच्या पलीकडे चार बोटांवर समुद्र सळसळत होता.

मी पिशवीतून पुठ्ठा काढला, काळ्या रंगाची छोटी बाटली आणि माझा सगळ्यात बारीक ब्रश. कोपर गुडघ्यावर ठेवलं. समोर बघितलं. मग श्वास धरला.

वरच्या पापणीची रेघ एका दमात आली.

"काय गो?" वरून हाक आली. "बरी हायस ना?"

मी खालची पापणी घेत होते.

"अगो, बोल ना! काय झालं?" त्याचा आवाज फाटला. मला कळत होतं त्याच्या डोळ्यांपुढे काय आहे ते. बादली. पण बुबुळ अर्ध्यावर होतं, सोडता येत नव्हतं. वर पावलांची धावपळ झाली, सुकाणू दलालांच्या हातात गेलं असणार, आणि पायऱ्यांच्या तोंडाशी त्याचं डोकं आलं.

त्याने पुठ्ठा पाहिला. ब्रश पाहिला. उघडलेलं तोंड त्याने मिटलं. कारखान्याच्या दारातून तो नेहमी निघून जातो, इथे गेला नाही. पायरीवर बसला आणि मुकाट बघत राहिला. दुसरा डोळा कठीण असतो, तो पहिल्यासारखा यावा लागतो. तो आला. मी श्वास सोडला.

"घेऊया," मी म्हणाले.

त्याने खिशातून रुमाल काढला, डोळे पुसले आणि तो परत ठेवायचं विसरून हातातच धरून वर गेला. मी ब्रश पुसला, बाटलीला बूच लावलं, दांड्या धरत त्याच्या मागोमाग वर आले, आणि काठावरून वाकून भाकरी, आलेपाक सगळं अरबी समुद्राला दिलं.

मागे वळले तर त्याचा चेहरा पुन्हा पडलेला. "नको गो," तो म्हणाला. "ऱ्हाऊ दे. तुला नाय सोसणार."

"घ्या म्हटलं ना," मी त्याच्या हातातला रुमाल घेऊन तोंड पुसत म्हणाले. "घाटात मला दर वेळी गाडी लागते. म्हणून लेकीकडे जायचं सोडलं का मी कधी?"